पुरुषांच्या भिंतीवरचा डाग

उमरग्याच्या अलीकडं हमरस्ता सोडून आत वळलं की माळावर दगडी मेथडिस्ट चर्च लागतं. गाव त्याला मिशनचं देऊळच म्हणतं. एकेकाळी तिथं रविवारी सतरंजीवर पाय ठेवायला जागा नसायची. मग कुणी पुण्याला गेलं, कुणी सोलापूरला, म्हातारी माणसं शेजारच्या कब्रस्तानात गेली आणि मागं उरली एकटी रूथबाई. पाळकसाहेब उमरग्याहून महिन्यातनं एकदा यायचे, तेही जमलं तर. एरवी रूथबाईच दार उघडायची, झाडून घ्यायची, बायकांच्या बाजूला बसून गीत म्हणायची आणि आमेनही स्वतःच म्हणायची.

एकटीच्या आवाजाचा तिला वीट आला होता. पण समोर पुरुष बसायचे त्या बाजूच्या भिंतीवर तिची सोबत होती. तिथं तिचा नवरा बलभीम बसायचा. पाळकांनी उपदेशाला सुरुवात केली की हा भला माणूस भिंतीला डोकं टेकवून खुशाल डुलकी काढायचा. त्यात डोक्यावर खोबरेल थापायची हौस दांडगी. वर्षानुवर्षं टेकून टेकून भिंतीवर तेलाचा काळपट गोल उमटला होता. नाताळाआधी चुना मारला तरी थोड्या दिवसांत तो पुन्हा वर यायचाच. बलभीम गेल्यावर रूथबाई त्या गोलाकडं बघून प्रार्थना करू लागली. कधी चिडायचीही. "झोपा अजून," म्हणायची.

यंदा बाहेरगावच्या मंडळींनी मनावर घेतलं. वाडवडिलांचं चर्च पडायला आलंय, ते होतं तसं पुन्हा उभं करायचं ठरलं. रूथबाईचा मुलगा उत्कर्ष त्यात सगळ्यांत पुढं होता. तो लहानपणीच होस्टेलला गेला आणि पुण्याचाच झाला. उमरग्याचा गौरीशंकर गवंडी माणसं घेऊन आला. कौलं उतरली, किडक्या तुळया बदलल्या, फुगलेला गिलावा खरवडून नवा चुन्याचा गिलावा चढू लागला. रूथबाई सगळ्यांना चहा करून द्यायची. माळावर माणसांचा गलका ऐकून तिला फार बरं वाटायचं. पण खरवडणारे हात पुरुषांच्या भिंतीपाशी आले तशी ती चहा तसाच टाकून तिथं धावली.

खरं सांगायची सोय नव्हती. मूर्ती नको, फोटोला हार नको, हे जन्मभर ऐकलेली बाई भिंतीवरच्या डागात जीव अडकवून बसलीय, हे पाळकांना कळलं तर? तिनं दिलं ठोकून.

"गौरीशंकर, तेवढा तुकडा राहू दे बाबा. तिथं ओल हाय. आत्ता केलास तर गिलावा धरायचा न्हाय."

त्यानं तळहात लावून पाहिला. "ओल तर लागंना, मावशी."

"पावसाळ्यात येती. मला म्हाईत हाय न्हवं? राहू दे."

म्हातारीशी कोण वाद घालणार? त्यानं ताटाएवढी जागा तशीच सोडली. त्या दिवशी रूथबाई गुणगुणत घरी गेली.

चर्च पुन्हा उघडायचं त्या सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसून आत आली. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी होती. तिनं डोळे पुसून परत पाहिलं.

मागनं उत्कर्ष आला. "आई, त्या ओलीचा तुला घोर लागला होता म्हणे. गौरीशंकरनं सांगितलं. काल आल्या आल्या आधी तेच काम हातात घेतलं. दगडापर्यंत उकरून पक्कं करून घेतलं, मी स्वतः उभा राहून. आता काय येत नाही ओल."

त्याचा चेहरा नुसता फुलला होता. एवढ्या वर्षांनी आईसाठी काहीतरी केलं होतं पोरानं. रूथबाईला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, त्याच्यावर नव्हे, स्वतःवर. ओल तिनंच तर लावली होती.

"बरं केलंस बाळा," ती म्हणाली.

उपासना जोरात झाली. लोक दाटीवाटीनं बसले, कौलं हलतील अशी गीतं झाली. रूथबाईचे ओठ हलत होते, लक्ष कशातच नव्हतं. भरल्या चर्चमध्ये तिला जेवढं एकटं वाटलं तेवढं रिकाम्या चर्चमध्ये कधी वाटलं नव्हतं. मग जेवणं झाली आणि गाड्या एकेक करून हमरस्त्याला लागल्या.

जाताना उत्कर्षनं मोबाईल काढला. "आई, बाबा नेमके कुठं बसायचे गं? मी पुढं पोरांत असायचो, मला आठवतच नाही. तिथं माझा एक फोटो काढ. पुण्याच्या घरी लावतो."

ती जागा रूथबाई डोळे मिटूनही दाखवू शकली असती. पण दाखवली की तो ओळखणार, काल आपण उकरून घेतली तीच ही जागा. आणि मग सगळंच बाहेर येणार. ते पोराला जन्मभर सललं असतं. तिनं दारालगतच्या खिडकीकडं बोट केलं.

उत्कर्ष तिथं जाऊन उभा राहिला. शर्ट नीट केला, हसला. रूथबाईनं मोबाईल दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"उभा नगं राहू. खाली बस," ती म्हणाली. "आणि भिंतीला डोकं टेकव. ते तसंच बसायचे."