बोका वाळूत बसून राहिला तो दिवस

वरच्या मजल्यावरच्या पंजाबी बीजींमुळे माझा बोका वाचला, हे आधी सांगते.

तेव्हा आम्ही गाझियाबादच्या एका नव्या कॉलनीत भाड्याने राहायचो. आम्ही म्हणजे मी आणि बोकाच. नवरा फौजेत, सीमेवर. माझी शाळा सातवीत सुटलेली, हिंदी बोलताना जीभ अडायची, म्हणून कुणाकडे जात नसे. मराठी बोलायची ती बोक्याशी. "काय रे, भात खाणार का?" म्हटलं की तो मान वर करायचा. दिवसभरात तेवढाच संवाद.

समोर इमारतींची कामं चाललेली, वाळूचे ढीग पडलेले. त्या दिवशी सकाळपासून बोका वाळूत जाऊन बसे, कुंथे, उठे, पुन्हा उकरून बसे. मला वाटलं, पोट साफ होत नाहीये. आमच्याकडे त्यावर एकच औषध, एरंडेल. चमचाभर पाजलं आणि वाट बघत बसले. दुपारी तो कोपऱ्यात शिरून ओरडायला लागला. दूध हुंगेना, पोटाला हात लावू देईना.

तो आवाज ऐकून बीजी खाली आल्या. आजवर आमचं नमस्तेच्या पुढे गेलं नव्हतं.

"क्या पिलाया इसे?"

"तेल. कब्ज है."

"सुबह से पेशाब किया इसने?"

मी आठवू लागले. वाळू तर दर वेळी कोरडीच होती.

"यह कब्ज नहीं, बेटी. पेशाब रुका है. मेरा बिल्ला भी ऐसे ही गया था. चल, उठ."

"शाम को पीसीओ पे इनका फोन आएगा. पूछ के कल..."

"कल तक यह नहीं रहेगा. बिल्ला फौजी का है या तेरा?"

"माझा," मी मराठीतच म्हणाले.

बीजींच्या ओढणीत गुंडाळून त्याला रिक्षातून नेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी नळी घालून तुंबलेली लघवी काढली. म्हणाले, बोका असा बसतोय आणि थेंब येत नाही असं दिसलं, तर घरी काही पाजत बसू नका, तडक घेऊन या. आणखी उशीर झाला असता तर हाती लागला नसता.

बाहेर बाकावर बीजींनी माझा हात धरला होता. "मैं भी सारा दिन अकेली हूँ," त्या हसून म्हणाल्या. "कभी मेरे लिए भी ऐसे भागना." हात मात्र सोडला नाही.

आता त्या मुलाकडे लुधियान्याला असतात. गुडघे गेलेत म्हणे. बीजी, तुमचा निरोप आला की मी निघेन. कुणाला विचारत बसणार नाही.