उणे दोन ते चार

चूक माझीच होती. आलेख कागदावर एक बिंदू शून्याच्या डावीकडे उणे दोनवर होता, दुसरा उजवीकडे चारवर, आणि त्यांच्यातलं अंतर मी दोन सांगितलं.

“सहा,” माझी दहावीतली मुक्ता म्हणाली.

“बापाला शिकवतेस? अक्कल आहे का?” मी ओरडलो.

“घरं मोजा, बाबा. मध्ये शून्य ओलांडावं लागतं.” तिने खोलीचं दार आपटलं.

मोजली. सहाच भरली. उणे चिन्ह मी नेहमीच गाळतो. म्हणून माझ्या बोलण्याने दुरावलेली माणसं मला जवळच वाटत राहतात. अंतर कुठल्याही टोकाकडून मोजलं तरी तेवढंच असतं, तरी तिनेच बाहेर यावं म्हणून मी घुम्यासारखा बसलो होतो.

शेवटी दार वाजवलं. “मुक्ता, सहाच आहे.”

“आणि अक्कल?” आतून आलं.

“ते बोललो, तेही चुकलं. माफ कर मला.”