मांजरीचं पथ्य

आमच्या मांजरीचे कान आतून पिवळे पडलेत, हे पहिल्यांदा आईला दिसलं. "कामणी झालीय हिला," ती म्हणाली. काविळीला आमच्याकडे कामणीच म्हणतात. तोवर मांजरीचं खाणं सुटलं होतं. पाण्याच्या घागरीमागे गारव्याला ती पडून असायची.

अप्पा अमरगोळच्या मार्केट यार्डात हमाली करतात. तिथं पोत्यांमागे सापडलेलं हे पिल्लू त्यांनीच खिशात घालून आणलं होतं. मी बी.एस्सी.ला, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. त्यामुळे दोघंही माझ्याकडे बघू लागले.

"तुझ्या पुस्तकात मांजर नाही काय?" आईनं विचारलं.

"बेडूक आहे."

"मग काय उपयोग!"

मी मांजरीला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. लिव्हर बिघडलंय, वाचेलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. औषध दिलं आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, उपाशी ठेवू नका. उपाशी राहिलं की मांजराचं लिव्हर आणखी बिघडतं. खात नसेल तर बिनसुईच्या सिरिंजनं भरवा.

भरवलेलं ती बाहेर काढायची. मग आईनं केलगेरीकडच्या अज्जांचा विषय काढला. ते कामणीवर पाला देतात. आमच्या घरात ज्याला ज्याला कामणी झाली, तो त्यांच्याकडेच गेला होता. अप्पा दर रविवारी बुद्धविहारात जातात. त्यांनी एवढंच विचारलं, "मंत्र म्हणतात काय ते?"

"नाही, नुसता पाला."

"मग जा. दोरा-बिरा बांधून आणू नका म्हणजे झालं."

माझी अडचण वेगळी होती. कामणीचं पथ्य मला माहीत होतं. मीठ नाही, तेल नाही, मासळी तर नाहीच. सकाळी उपाशीपोटी रस प्यायचा आणि दुपारपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. डॉक्टर नेमकं उलट सांगत होते. बसमध्ये मी हे आईला सांगितलं, पण फार ठामपणे सांगता आलं नाही. ती म्हणाली, "तिथं विचारू."

अज्जांच्या कट्ट्यावर माणसं बसली होती. पिशवीतून डोकं बाहेर आलं तशी एक बाई म्हणाली, "अय्यो, मला वाटलं लेकरू आणलंय!" सगळे हसले. अज्जा हसले नाहीत. त्यांनी मांजरीचे कान उलटून पाहिले. मी अडखळत कन्नडमध्ये डॉक्टरांचं सांगितलं. पथ्य नसेल तर पाला लागू पडत नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

मग आई बोलली. "अज्जा, ही माझी पोरगी अंगावर पीत होती तेव्हा हिला कामणी झालेली. तुम्ही पाला मला प्यायला लावला. पथ्य मी पाळलं. तसं चालेल काय?"

"ते आई-लेकरू होतं."

"हीपण घरातलीच आहे की."

"अक्का, आता दूधपण पाजशील काय!" ती बाई म्हणाली. आईसुद्धा हसली. अज्जांनी थोडा विचार केला आणि पाल्याची पुडी आईच्या हातात ठेवली. "येत्या रविवारपर्यंत घे."

तेव्हापासून सकाळी आई तोंड वाकडं करून रस प्यायची आणि मी मांजरीला सुकटीचं पाणी भरवायची. दोन्ही उपचार एकमेकांच्या आड येत नव्हते. एकदा तिनं सिरिंजचं टोक आपणहून चाटलं. ते मी डॉक्टरांना फोनवर सांगितलं. चांगलं आहे, पण आशा धरू नका, असं ते म्हणाले. आई पाला पितेय हे मी सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी मांजर घागरीमागे मरून पडलेली सापडली. अप्पांनी घरामागे खड्डा खणला आणि ते कामाला गेले. दुपारी जेवताना आईनं आपल्या ताटात बिनमिठाचा भात घेतला.

"आई, आता कशाला?"

"रविवारपर्यंत म्हणालेत ना."

"पण ती गेली."

"ती गेली. पथ्य राहिलंय की."

हे चूक आहे असं मला वाटलं नाही. बरोबर आहे असंही म्हणता आलं नसतं. सुकटीचं उरलेलं पाणी मी बाहेर ओतून आले. रविवारी सकाळी शेवटचा पाला पाट्यावर वाटायला मीच बसले.