रुमालाखालची चव

देवाने जीभ सगळ्यांनाच दिली, पण ती कशासाठी दिली हे अख्ख्या मराठवाड्यात फक्त आमच्या थोरल्या साडूंना कळलं, असं माझं ठाम मत आहे. आपण जिभेचा उपयोग बोलायला, भांडायला आणि डॉक्टरला दाखवायला करतो. साडूंनी तिच्यावर संसार केला. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांनी चाळीस वर्षं तुरीची पारख केली. पोत्यात हात घालायचा, चार दाणे काढायचे, एक दाताखाली धरून कट्‌कन फोडायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि थुंकून सांगायचं, "औशाकडचा माल हाय. ढगाळीत काढल्याला हाय. अजून दोन ऊनं द्या." ज्याचा माल तो शेतकरी आधी रागवायचा आणि मग कबूल करायचा. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. वयाने आणि वजनाने ते माझ्यापेक्षा बरेच पुढे आहेत.

मोंढा सुटला तरी सवय काही सुटली नाही. लग्नाच्या पंगतीत वरणाचा पहिला घास घेतला की दाजी हात थांबवून डोळे मिटतात, आणि वाढपी घाबरून यजमानाला बोलावून आणतो. यजमान हात जोडून उभा राहतो. दाजी म्हणतात, "काही न्हाई, तूर निलंग्याची हाय, डाळ करणारा मात्र घाईतला हाय." मुलीचं स्थळ बघायला गेले तेव्हा मंडळी पोहे खात मुलाची नोकरी विचारत होती आणि दाजी आत कणगीजवळ उभे राहून ज्वारीचा दाणा चावत होते. बाहेर येऊन त्यांनी होकार दिला. आक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, घरी आल्यावर जाम चिडल्या. दाजी म्हणाले, "धान्य वाळवून ठेवतेत. म्हंजे घरात शिस्त हाय. पोरगी सुखात ऱ्हाईल." पोरगी खरोखरच सुखात राहिली. जावयाला पुढे नाशिकला नोकरी लागली, आणि तिथूनच दाजींच्या आयुष्यात वाईन आली.

जावयाने सासू-सासऱ्यांना हौसेने द्राक्षांचा मळा दाखवायला नेलं. तिथे वाईन कशी करतात ते दाखवतात आणि चव बघायला देतात. माहिती सांगणारी मुलगी ग्लास फिरवून दाखवत होती, वास घ्या म्हणत होती, आणि घोट तोंडात घोळवून हवं तर बादलीत थुंका, असंही सांगत होती. पुण्या-मुंबईची मंडळी थुंकायला लाजत होती. दाजींना मात्र माहेरी आल्यासारखं वाटलं. चाळीस वर्षांचा सराव! चार हातांवरून त्यांनी अशी नेमकी धार सोडली की बादलीच्या काठालाही थेंब लागला नाही. मुलगी म्हणाली, "याला फळांचा आणि ओल्या मातीचा गंध आहे." दाजींनी पुन्हा वास घेतला. "पोरी, माती न्हाई. ह्ये नवं पोतं हाय. पानी शिपडल्यालं." मुलीने स्वतःचा ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, "काका, तुम्ही याच क्षेत्रातले का?" दाजी म्हणाले, "न्हाई. तुरीच्या."

हे चाललं होतं तोवर आक्का बाहेर उन्हात बाकावर बसून कंटाळल्या होत्या. आत आल्या, दाजींच्या हातातला पांढऱ्या वाईनचा ग्लास सरबत समजून घेतला आणि एका दमात बराचसा संपवला. पदराने ओठ पुसून म्हणाल्या, "बरं हाय की! अजून हाय का?" जावई हसला, माहिती सांगणारी मुलगी हसली, आणि हे सरबत नव्हे असं आक्कांना कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला तो नाशिक ते लातूर काढला नाही. दाजी मात्र वेगळ्याच नादात होते. त्यांनी आक्कांच्या पिशवीतून गुडघ्याच्या होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली काढली, गोळ्या कागदात बांधून स्वतःच्या खिशात टाकल्या आणि ग्लासात उरलेली वाईन त्या बाटलीत भरून घेतली. मोंढ्यात कुठल्याही मालाची वानगी, म्हणजे नमुना, जपून ठेवायची रीत असते. घरी येऊन बुचावर मेणबत्तीचं मेण ओतलं, बाटलीला चिठ्ठी चिकटवली, 'हिला आवडल्याली' असं लिहिलं, आणि ती तुरीच्या वानग्यांच्या डब्यात ठेवून दिली. मळ्यात ज्या मोठ्या बाटलीतून ती ओतली होती, तिच्यावरचं नाव तेवढं वाचायचं राहिलं. पोत्यावरचा शिक्का बघून माल घेणारा माणूस मोंढ्यात टिकत नाही, असं ते म्हणतात. त्यामुळे नाव वाचायची त्यांना सवयच नव्हती.

मग त्या वाईनचा शोध सुरू झाला. लातुरात वाईनच्या दुकानासमोर दाजींनी उभं राहणं शक्यच नव्हतं, कारण अर्धा मोंढा त्यांना ओळखतो आणि उरलेला अर्धा आक्कांना. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी नांदेडला एका कॉलेजात ग्रंथपाल. आमच्याकडे कोण काय वाचतं याचीच कुणाला पर्वा नसते, तिथे कोण काय पितं याची कोण करणार? महिन्या-दोन महिन्यांनी शनिवारी दाजींचा फोन यायचा, "साडूभाऊ, उद्याच्याला या." मी लाल-पांढरी, मिळेल ती एक बाटली टॉवेलात गुंडाळायचो, पिशवीत वरून अर्धापूरची केळी ठेवायचो आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने लातूर गाठायचो. दर वेळी केळी आणणारा साडू म्हणून आळीत माझी ख्याती झाली होती.

दिवेलागणीला आम्ही गच्चीवर बसायचो. चहाचे दोन काचेचे ग्लास, ताटलीत धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी. दाजी दीड ग्लास घ्यायचे, त्यावर थेंबही नाही. "पिणारा येगळा, पारखी येगळा," असं म्हणून बूच लावायचे. नावं वाचायची नाहीत म्हणून प्रत्येक वाईनला ते स्वतःच नाव द्यायचे. एक घशाला ओढणारी लाल होती, तिचं नाव 'वकील': "बोलती लई, निकाल काही लागत न्हाई." एक करकरीत आंबट पांढरी होती, तिला ते 'थोरली नणंद' म्हणत. एक साधीसुधी गुलाबी मात्र त्यांना धपाट्यांबरोबर मनापासून आवडली. तिचं नाव 'अंगणवाडीची बाई', कारण ती सगळ्यांशी गोड वागते आणि कुणाचं डोकं दुखवत नाही. वाईनच्या पुस्तकांत लाल कशाबरोबर आणि पांढरी कशाबरोबर याची लांबलचक कोष्टकं असतात. मी एकदा त्यातलं थोडं वाचून दाखवलं. दाजी म्हणाले, "त्यात धपाटं हाय का?" मी म्हटलं, नाही. "मग ते पुस्तक आपलं न्हाई."

आणि चव कशी वाटली हे कधी तोंडाने सांगायचं नाही. पूर्वी मोंढ्यात सौदा रुमालाखाली व्हायचा. दोन माणसं हातावर रुमाल टाकून आत एकमेकांची बोटं दाबायची आणि भाव ठरवायची. भोवतालच्यांना पत्ता लागत नसे. ती पद्धत कधीच बंद झाली, पण दाजींच्या गच्चीवर अजून चालू आहे. एक बोट म्हणजे फेकून द्या, पाच म्हणजे पसंत. मी विचारायचो, "दाजी, इथं ऐकायला कोण आहे?" ते म्हणायचे, "माल ऐकतो." एकदा एका लाल वाईनला मी पाच बोटं दाबली आणि त्यांनी दोन. अर्धा तास आम्ही एकमेकांशी बोललो नाही. शेवटी ते म्हणाले, "तुमच्या जिभेला पाऊस लागलाय, साडूभाऊ." तेव्हापासून मी चारच्या वर गेलो नाही.

पण आक्कांना आवडलेली ती पांढरी काही सापडेना. प्रत्येक पांढरीचा घोट घेतला की मी विचारायचो, "हीच का?" दाजी मान हलवायचे. "जवळ जवळ गेली. पर ती न्हाई." एका संध्याकाळी मी वैतागून म्हटलं, "दाजी, एवढा जीव कशाला टाकता? अंगणवाडीची बाई चांगली आहे की." ते बराच वेळ धपाट्याचा तुकडा बोटांत घोळवत राहिले. मग म्हणाले, "चाळीस वर्सं दुपारची भाकर मोंढ्यात खाल्ली, साडूभाऊ. घरी आलो की ही ताट वाढायची न् आपलं नंतर जेवायची. हिच्यासंगट निवांत बसून मी काही खाल्लं न्हाई, पिलं न्हाई. आता येळ हाय, तर ती खाली मालिका बघून राहिली न् मी वर तुमच्यासंगट. ती एकदा वर येऊन बसली पायजे. पन तिला काय आवडतं, मला ठावं न्हाई हो. सारी उमर दुसऱ्याचा माल पारखला. हिची आवड म्हनून एकच चीज मला ठावं हाय, न् ती बी हरपली." मला फार वाईट वाटलं. खालून मालिकेतल्या सासूचा आवाज येत होता. मी उरलेलं धपाटं खाल्लं.

गेल्या हिवाळ्यात मी एक पांढरी नेली. दाजींनी घोट घेतला, डोळे मिटले आणि ते उघडेचनात. मला वाटलं, झोपले. मग हळूच म्हणाले, "हीच असंल." पारखी माणूस, नुसत्या आठवणीवर सौदा करणार नव्हता. खाली जाऊन तो वानग्यांचा डबा घेऊन आले. नाशिकच्या छोट्या बाटलीचं मेण खरवडलं, बूच काढलं, वास घेतला. आणि त्यांचा चेहरा असा पडला की मी जागचा उठलो. बाटली माझ्या नाकाशी धरली. आंबूस, झणझणीत वास! वानगीचा शिरका झाला होता. तूर डब्यात वर्षानुवर्षं राहते, तशी वाईन राहत नाही, ही साधी गोष्ट पोत्यातला ओलावा हाताने ओळखणाऱ्या माणसाच्या ध्यानातच आली नव्हती. "वानगीच नासली," दाजी म्हणाले. "आता कशाशी मिळवून बघू?"

तेवढ्यात आक्का धपाटी घेऊन वर आल्या. ताटली ठेवताना त्यांचं लक्ष बाटलीकडे गेलं. "अगं बाई! ही तर माझी गोळ्यांची बाटली! सारं घर धुंडाळलं मी हिच्यापायी. गुडघा तसाच दुखून राहिला." मग चष्मा वर सरकवून त्यांनी चिठ्ठी वाचली. "'हिला आवडल्याली.' हिला म्हंजे कोनाला?"

दाजी चटणीची ताटली उगाच सरळ करू लागले. शेवटी मीच सगळं सांगून टाकलं: नाशिकचा मळा, वानगी, तीन-चार वर्षांचा शोध, केळ्यांखालच्या बाटल्या. आक्का ऐकत होत्या आणि त्यांच्या नाकाचा शेंडा लाल होत होता. आता आपल्या दोघांची गच्चीवरून रवानगी होणार, अशी माझी खात्री झाली.

"आवडली मला," आक्का म्हणाल्या, "न् इचारता पाव्हण्यांला? मी खालीच होते की. मला कामून न्हाई इचारलं?"

"तू पदर लावून बसली होतीस," दाजी पुटपुटले.

"ते नाशिकला. जन्मभर लावून बसले का?" मग त्यांनी चष्मा खाली घेतला. "न् आवडली बी कशाची? उन्हात बसून घसा वाळला होता. तवा पानी दिलं असतं तरी चाललं असतं."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. एवढा शोध, आणि तो तहानेचा निघाला! मला हसू दाबता येईना, आणि त्यांच्याकडे पाहून हसवतही नव्हतं. आक्कांनी शिरक्याची बाटली उचलून पदराआड ठेवली. "ह्ये टाकू नका. उद्या कांद्यावर घालते." आणि मग, देवाशपथ सांगतो, त्या मांडी घालून सतरंजीवर बसल्या. गुडघा दुखत असतानाही. दाजींचा ग्लास उचलला, मघासच्या पांढरीचा एक घोट घेतला आणि तोंडात घोळवला, अगदी दाजी घोळवतात तसा. चाळीस वर्षं त्या बघत होत्या तर!

"कशी हाय?" दाजींनी विचारलं.

आक्कांनी एकदा माझ्याकडे बघितलं, दाजींच्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला, त्यांच्या हातावर पसरला आणि खाली स्वतःचा हात घातला. रुमाल हलला. दाजींनी डोळे मिटले. मी उठून गच्चीच्या कठड्याशी गेलो आणि लातूरचे दिवे बघत राहिलो, कारण त्या सौद्यात तिसऱ्या माणसाचं काही काम नव्हतं.

किती बोटं दाबली, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी खोदून खोदून विचारलं, तर दाजी म्हणाले, "सौदा झाल्यावर भाव सांगत नसतेत, साडूभाऊ." हल्ली त्यांचा शनिवारचा फोन येतो, पण 'उद्याच्याला या' असं म्हणत नाहीत. "सवडीनं या, घाई न्हाई," म्हणतात, आणि मागून आक्कांचा हसण्याचा आवाज येतो. मला आनंद होतो, अगदी मनापासून होतो, पण रविवारी संध्याकाळी त्या गच्चीची फार आठवण येते.

परवा अशाच एका रविवारी मी बायकोला विचारलं, "तुला काय आवडतं गं?" तिने टीव्हीवरची नजर न काढता म्हटलं, "तीस वर्षांनी सुचलं?" मी खुंटीवरचा रुमाल काढून मांडीवर पसरला, आणि मालिका संपायची वाट बघत तिच्या शेजारी बसून राहिलो.