चेंडू देणारा गुलाब

गुलाब गेल्याची बातमी रघूनं आणली. मी शिकवतो त्या शाळेची मधली सुट्टी चालू होती. फाटकाशी कुणी उंच माणूस मान खाली घालून उभा दिसला, आणि जवळ गेलो तेव्हा कळलं की रघू आहे. अकोल्याच्या गिरणीच्या संघात गुलाबबरोबर रिंगखाली खेळणारा, आमच्या सगळ्यांत उंच गडी. सकाळच्या पॅसेंजरनं अकोल्याहून निघून, बडनेऱ्याला गाडी बदलून तो आला होता. तार करता आली असती. पण "तारेनं कसं सांगू गड्या तुले?" एवढंच तो म्हणाला, आणि मला पुढचं विचारावं लागलं नाही. आम्ही दोघं कडुनिंबाच्या पारावर बसून राहिलो. घंटा झाली, मुलं वर्गात गेली... मी उठलो नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या आगेमागे ज्यांनी अमरावती-अकोल्यात दिवस काढले आणि ज्यांना मैदानाचा नाद होता, त्यांना गुलाब आठवेल. बाकीच्यांसाठी सांगतो. तो बास्केटबॉल खेळायचा. हा खेळ तेव्हा आपल्याकडं नवाच होता. हुतुतू आणि कुस्तीच्या मुलखात टोपलीत चेंडू टाकण्याचं लोकांना हसू येई. गुलाब शेंदूरजनाघाटचा, घरची संत्र्याची बाग. शिकायला अमरावतीला आला आणि वसतिगृहात माझा शेजारी झाला. पुढं तो नावारूपाला आला तेव्हा लोक मोठ्या कौतुकानं सांगत, की बागेत संत्री झेलून झेलून त्याचे हात तयार झाले. हे ऐकलं की तो वैतागे. "संत्रं कोणी फेकते का बे? मार लागला का सडते थे. एक जरी फेकलं असतं तरी बाबानं मलेच झाडाले बांधलं असतं." बागेत तो शिकला ते फळ हळू हाताळायला, असं मला वाटतं. आमचा चेंडू चामड्याचा, वादीनं शिवलेला. शिवणीवर आपटला की भलतीकडंच उडायचा. गुलाबच्या हाताखाली मात्र तो शहाण्यासारखा वागे.

त्याची जागा गार्डची. खेळ चालवायचा, चेंडू पुढं आणायचा आणि जो मोकळा असेल त्याच्या हातात द्यायचा. मी त्याच्या डाव्या अंगाला खेळत असे. चेंडू खेळवताना त्यानं कधी चेंडूकडं पाहिलेलं मला आठवत नाही, मान सदा वर. मी धावत रिंगच्या डाव्या बाजूला पोचलो की चेंडू तिथं आलेला असायचा. टाळ्या मला मिळत. कॉलेजच्या त्या वर्षांत मी मोठा खेळाडू आहे असा माझा समज झाला होता, गुलाब अकोल्याला गेल्यावर तो एका हंगामात उतरला.

अकोल्याच्या एका कापड गिरणीनं संघ काढला आणि गुलाबला बोलावून घेतलं. हजेरीपटावर कारकून, काम चेंडूचं. त्यानं लग्न केलं, जठारपेठेत बिऱ्हाड थाटलं. वऱ्हाडात खेळून पोट भरणारा आम्हांला ठाऊक असलेला तो पहिलाच माणूस. त्याच्या वडलांचा यावर विश्वास बसेना. चेंडू खेळण्याचा पगार कोण देईल? खात्री करायला ते एकदा शेंदूरजन्याहून मुद्दाम आले, पागोटं सावरत मैदानाच्या कडेला पूर्ण सामना बसले, आणि शेवटी म्हणाले, "अरे, तू तं टोपलीत टाकतच नाई. उचलतो अन् दुसऱ्याले देतो. मंग पगार तुले काहून देतेत?" गुलाब हसून म्हणाला, "देतो म्हणूनच देतेत, बाबा." म्हाताऱ्यांना ते पटलं नसावं. पण जाताना ते रघूला पोराकडं लक्ष ठेवायला सांगून गेले.

मग नागपूरचा तो सामना झाला. प्रांताची स्पर्धा होती आणि शेवटच्या फेरीत अकोल्याची गिरणी आणि आमचा अमरावतीचा संघ समोरासमोर आले. इतक्या वर्षांत आम्ही दोघं प्रथमच एकमेकांविरुद्ध खेळत होतो. सामना बरोबरीत चालला होता. वेळ संपत आलेली, गर्दी रेषेच्या आत घुसलेली. गुलाब चेंडू घेऊन निघाला. आमच्या दोघांनी त्याला घेरलं आणि मी त्याच्या डाव्या अंगाला, चेंडू अडवायला म्हणून, सरकलो. त्या गर्दीत त्याला डाव्या बाजूला मी दिसलो आणि त्यानं चेंडू माझ्या हातात दिला. अगदी कॉलेजात द्यायचा तसा, छातीशी, अलगद. मी वळलो, धावलो, टाकला. आम्ही जिंकलो.

जिंकल्याचा गलका चालू असताना मी त्याच्याकडं पाहिलं. तो जागचा हलला नव्हता. स्वतःच्या हातांकडं पाहत होता.

गिरणीच्या संघाचा कारभार पाहणाऱ्या साहेबांनी ही चूक आहे हे मानलंच नाही. जुन्या मित्राला सामना विकला, असं ते चारचौघांत बोलले. मी त्यांच्या बंगल्यावर जाऊन सांगून पाहिलं, रघूनं सांगून पाहिलं. गुलाबनं स्वतः एक शब्द काढला नाही. त्याला संघातून काढलं आणि कारकुनी सोडवून रुई पिंजण्याच्या खात्यात टाकलं. तिथं दिवसभर कापसाची धूळ धुक्यासारखी तरंगते. मी त्याला म्हणालो, "सोड ही गिरणी. बाग आहे घरची." तो म्हणाला, "आता गेलो तं खरंच इकला असं होईन." मग मी न विचारता म्हणाला, "तू तिथंच व्हता, वसंता, जिथं असाले पायजे. तुयी काय चूक?"

त्या पडत्या काळात त्याला सावरलं ते पोरींनी. त्याच्या घरासमोर, रस्त्यापलीकडं मुलींची शाळा. तिथल्या मोठ्या बाईंनी पटांगणात दोन खांब रोवून रिंगा बसवल्या होत्या, पण खेळ शिकवणारं कुणी नव्हतं. त्यांनी गुलाबला विचारलं आणि गिरणी सुटली की तो तिकडं जाऊ लागला. पेठेत कुजबुज झाली. कासोटा घालून धावणाऱ्या पोरी आणि शिकवायला परका बाप्या! बाईंनी कुणाला दाद दिली नाही, आणि गुलाबनं आपली मुलगी, कुसुम, सगळ्यांच्या आधी मैदानात उतरवली. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. लढाईच्या दिवसांत नवा चेंडू मिळेना, म्हणून तो जुनाच मोच्याकडून पुन्हा पुन्हा शिवून आणी. त्या दोन वर्षांत मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा तो आनंदात दिसला. खोकत मात्र होता.

खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा डॉक्टरांनी क्षय सांगितला. काही महिने तो शेंदूरजन्याला बागेतल्या झोपडीत राहिला, पण हवा बदलून फरक पडला नाही आणि तो परत आला. आल्यावर त्यानं स्वतःच नियम घातले. घराच्या ओट्यावर बाज टाकून घेतली. पटांगणात पाऊल टाकायचं नाही, चेंडूला हात लावायचा नाही, कारण तोच चेंडू पोरींच्या हातात जाणार. कुसुमनं जवळ यायचं नाही. त्याची बायको, शांतावहिनी, सांगत, सुरुवातीला पोर रडत त्याच्याकडं झेपावे आणि हा भिंतीला चिकटून ओरडे, "लांब! लांब व्हय!" आणि ती गेली की पांघरुणात तोंड खुपसून पडून राही.

ओट्यावरून रस्त्यापलीकडचं मैदान दिसे. तो तिथून शिकवू लागला. "सुमन, मोकळी हायेस, चेंडू माग ना!" "कुसुम, चेंडू नोको पाहू, वर पाह्य!" बैलगाड्या, टांगे, भाजीवाल्या मधून जात आणि त्यांच्यावरून त्याचा आवाज जाई. पुढं आवाजही गेला. मग तो नुसता हात उचले आणि पोरींना कळे.

दिवाळीनंतर मी अमरावतीच्या मुलींचा संघ घेऊन तिथं सामन्याला गेलो. तीच आमची शेवटची भेट. आमच्या मुली वयानं मोठ्या होत्या, त्या जिंकल्या. सामना संपल्यावर मी ओट्याकडं गेलो, तर त्यानं दुरूनच हातानं थांबवलं. मी पायरीखाली उभा राहिलो. चेहऱ्यावर फक्त डोळे उरले होते. हरल्याबद्दल काहीतरी समजुतीचं बोलायला मी तोंड उघडलं, तर तो म्हणाला, आणि ते ऐकायला मला श्वास धरावा लागला... "तिची मान पाह्यली? एकदाबी खाली नाई गेली." समोर पटांगणात कुसुम खांबाला टेकून उभी होती आणि बापाकडं पाहत होती. त्यानं हात उचलला. तिनंही उचलला. मधे रस्ता होता.

गेल्या पंधरवड्यात अकोल्याला जाऊन आलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं वहिनींनी गादी-पांघरूण जाळलं होतं, भिंतींना चुना दिला होता. ओटा रिकामा होता. मी आत बसलो. वहिनी दाराच्या चौकटीशीच उभ्या राहून बोलत होत्या, आवाज जरा चढवून, जसा पलीकडच्या घरातल्या माणसाशी बोलावा. "भाऊजी, कुसुमले शाळेत ठेवतो मी. बाई म्हनतेत, खेळूद्या तिले." आपण लांबून, मोठ्यानं बोलतोय हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. त्या घरात इतके दिवस कुणी कुणाजवळ बसून बोललंच नव्हतं. मग त्यांनी कुसुमला पाणी आणायला सांगितलं. तिनं पेला आणला, माझ्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवला आणि मागं सरकत भिंतीशी जाऊन उभी राहिली. मी उचलायची ती वाट पाहत होती. मला उचलवेना.

"हातात दे, बेटा," मी म्हणालो.

तिनं आईकडं पाहिलं. वहिनींनी पदर तोंडाशी धरला आणि मान डोलावली. कुसुम पुढं आली, पेला उचलला आणि दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर केला. मी तो घेतला, तरी तिची बोटं सुटेनात... आम्ही दोघं बराच वेळ तो तसाच धरून राहिलो.