चुलीतली राख सोडून सगळं

आमच्या गाडीला गावोगावचे लोक ‘बदलीवाली गाडी’ म्हणायचे. हे नाव आम्ही ठेवलेलं नव्हतं. आम्ही रंगाऱ्याकडून पाटीवर चांगलं लांबलचक नाव लिहून घेतलं होतं, दोन्ही बाजूंना कमळं काढून. ते कुणी एकदाही उच्चारलं नाही. मास्तरची, तलाठ्याची, नाहीतर जंगलखात्यातल्या गार्डची बदली निघाली की बायका म्हणायच्या, बदलीवाल्यांना सांगा. मला आधी राग यायचा. मग एक दिवस खापरच्या बाजारात अनोळखी माणसाने विचारलं, “बदलीवाला तुमीच का?” आणि माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं.

सुरुवात एका आरशापासून झाली. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता, आम्ही सगळे धुळ्याचे. तापीच्या काठावर आमची केळी आणि कापूस. घरात बा, आई, थोरला भाऊ आणि मी. मी धाकटा, नांगराची एक जोडी माझ्याकडे असायची. आमच्या शाळेतल्या मास्तरांची खापरला बदली झाली, आणि त्यांचा संसार बैलगाडीतून पोचवायचं काम बाने माझ्यावर टाकलं. मी सामान गाडीत रचलं, वर दोर आवळला, आणि तापी उतरून दोन दिवसांनी खापर गाठलं. सामान उतरवलं तेव्हा मास्तरीणबाईंच्या लग्नातल्या आरशाचे तीन तुकडे झालेले होते. बाईंनी सगळ्यात मोठा तुकडा उचलला, पदराने पुसला आणि भिंतीतल्या खुंटीला टेकवून ठेवला. मला वाटलं, यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर बाने विचारलं तेव्हा मी बैलांवर ढकललं. बैल बुजले म्हणालो, रस्ता वाईट म्हणालो. बा ऐकून घेत राहिला.

पण आरसा माझ्या डोक्यातून जाईना. आमची केळी नंदुरबार स्टेशनातून दिल्लीला जायची. रेल्वेच्या वाघिणीत घड रचण्यात माझा हात चांगला होता. खाली वाळलेल्या केळीच्या पानांची गादी, दोन घडांमध्ये पानं, वर पुन्हा पानं. दिल्लीपर्यंत सालीला डाग पडत नसे. आणि मला साधा आरसा खापरपर्यंत धड नेता येऊ नये? हे मी ज्याला बोललो तो माझा मित्र जातीचा पिंजारी. नंदुरबारला त्यांची तीन पिढ्यांची वस्ती. धनुष्यासारखी पिंजण खांद्यावर टाकून तो गावोगाव गाद्या-उशांचा कापूस पिंजत फिरायचा. आमच्या ओसरीवर बसून त्याने माझं सगळं ऐकलं, तारेवर एक टणत्कार दिला आणि म्हणाला, “तुन्हा पाला अन् मन्हा कापूस. मंग कसाले फुटी?”

बस्स! त्या एका वाक्यावर आम्ही कंपनी काढली. लष्कराने मोडीत काढलेली एक ट्रक दिवाळीनंतर आमच्या दारात उभी राहिली. पैसा कसा उभा केला ती कथा वेगळी आहे आणि त्यात माझी काही शोभा नाही, म्हणून ती इथे नको. ट्रकला सकाळी हँडल मारताना गावातली चार कुत्री एकदम भुंकायची. मी स्वतः चालवायला शिकलो, पिंजारी शेजारी बसून अल्लाचं नाव घ्यायला शिकला.

बाने ट्रकभोवती एक चक्कर मारली, टायरवर काठी आपटून पाहिली आणि मला म्हणाला, “आखाजी लगून एक बी वस्तू फुटनी, ते गाडी ईकी टाक अन् नांगर धर.”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे शेताचं वर्ष बदलतं. जुने सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी, सुटतात, नवे लागतात. तोवर मला मोकळीक होती, पण एक कप जरी फुटला तरी माझी जोडी आणि माझा नांगर गोठ्यात वाट पाहतच होते. मी उड्या मारत हो म्हणालो. पंचवीस वर्षांच्या माणसाला सहा महिने म्हणजे काय वाटतात!

आणि ते सहा महिने कसे गेले म्हणून सांगू! चिंचपाड्याच्या दवाखान्यात नव्याने लागलेल्या नर्सबाईंचं सामान नेलं, तर त्यात एक पत्र्याची पेटी आणि एकोणीस कुंड्या. एकोणीसही कुंड्या पोचल्या, जास्वंदाची कळीसुद्धा गळली नाही. एका गार्डसाहेबांचं कपबशांचं खोकं अक्कलकुव्याला नेताना मी प्रत्येक खड्ड्याला ‘अरे देवा’ म्हणत होतो आणि पिंजारी खोक्याला मांडीवर घेऊन बसला होता. सामान उतरलं की गुंडाळायला वापरलेला कापूस तो तिथल्या तिथे पुन्हा पिंजायचा, त्याची एक उशी भरायचा आणि घरधनिणीच्या हातात द्यायचा. ही त्याची रीत. माझ्या रचण्याचं कौतुक व्हायचं नाही, उशीचं मात्र गावभर व्हायचं. मी त्याला म्हणायचो, लोक बदली मागून घेतील तुझ्या उशीपायी. त्यावर तो खूश होऊन दुप्पट कापूस भरायचा.

माझं तोंड मात्र दिवसेंदिवस मोठं होत गेलं. काही फुटत नव्हतं ना!

आखाजीला आठवडा उरला असताना शेजारच्या गावातल्या एका धान्य-व्यापाऱ्याने बोलावलं. हायवेवर विसरवाडीला त्याने विटांचं तयार घर घेतलं होतं, पुढे दुकान टाकायचा विचार होता. अंगणात पाच माणसं बसवून सुपारी फोडायची वेळ आली. सुपारी फुटली की शब्द पक्का, मागे फिरायचं नाही. व्यापाऱ्याची बायको, आम्ही तिला काकी म्हणायचो, दाराआडून म्हणाली, “समदं लई जाशात ना, भाऊ?” आणि मी, पाच माणसांसमोर, हात हवेत फिरवून म्हणालो, “काकी, चूलमधली राख सोडीसन समदं लई जासूत!” सगळे हसले. सुपारी फुटली.

न्यायच्या दिवशी आम्ही सकाळीच गेलो. हंडे झाले, खाटा झाल्या, पेट्या झाल्या. मी हात झटकले. काकी मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती. तिने कोपऱ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, “अन् ही?”

कोपऱ्यात कोठी होती. धान्य साठवायची मातीची कोठी, माझ्या खांद्याइतकी उंच आणि दोघांच्या कवेत न मावणारी. माती, भुसा आणि शेण मळून काकीच्या सासूने ती काकीच्या लग्नाच्या वर्षी उभी केली होती. पोटावर दोन राघू, खाली धान्य काढायचं तोंड, त्याला चिंधीचा बोळा. काकी दर वर्षी तिला सारवत होती. म्हणाली, “सासूना हातनी शे, भाऊ. तुमीच बोलनात ना, राख सोडीसन समदं?”

मी दाराकडे पाहिलं, कोठीकडे पाहिलं. दार अर्ध्यानेसुद्धा पुरणार नव्हतं. आमच्याकडे कोठी दारातून आत येतच नाही, ती खोलीतच हाताने रचतात आणि खोलीतच म्हातारी होते. जन्मभर आम्ही त्या कोठ्यांशेजारी जेवलो-झोपलो, पण ती बाहेर कशी निघेल हा प्रश्न आमच्या सात पिढ्यांत कुणाला पडला नव्हता. पिंजारी माझ्या कानाशी म्हणाला, “आते राखच ऱ्हायनी असती ते बरं व्हतं.”

तेवढ्यात बा आला. बातमी पोचायला किती वेळ लागतो! तो समोरच्या निंबाखाली जाऊन बसला, तंबाखू मळली, आणि माझ्याकडे पाहत राहिला.

त्या नजरेने माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी व्यापाऱ्याला म्हणालो, मागची भिंत फोडू या, संध्याकाळच्या आत बांधून लिंपून देतो. व्यापाऱ्याचं हे जुनं घर विकत घेणारा माणूस तिथेच होता; तो आधी ओरडला, मग हसला, मग स्वतःच कुदळ घेऊन आला. मातीची भिंत, दोन तासांत खिंडार पडलं. कोठीला ओल्या गोणपाटात गुंडाळलं. त्यावर पिंजलेल्या कापसाच्या गाद्या, त्यावर केळीचा पाला, त्यावर दोर. खाली गोल लाकडं सारली आणि आठ माणसांनी ‘हर हर’ करत ती पुढे ढकलली. वीत-वीत. अख्खं गाव जमलं होतं. कोठी उन्हात आली तेव्हा बायकांनी हळद-कुंकू वाहिलं, एका म्हातारीने चक्क नवरीची पाठवणी करतात तसे डोळे पुसले. कोठी फळ्यांवरून ट्रकमध्ये चढली, कमरेएवढ्या पाल्यात उभी राहिली, आणि मी असा ओरडलो की निंबावरचे कावळे उडाले.

गडी भिंत बांधायला मागे राहिले, काकी आणि व्यापारी एसटीने पुढे गेले. बा उठला, धोतर सावरून ट्रकच्या मागे चढला आणि म्हणाला, “मी बी येस.” तो कोठीला पाठ टेकून पाय रोवून बसला.

त्या दिवशी मी ट्रक चालवली तशी पुन्हा कधी चालवली नाही. ओढ्यावरची फरशी आली की इतका हळू जायचो की मागून येणारे बैलगाडीवाले ओरडायचे. नंदुरबार गेलं, रान लागलं, टेकड्या लागल्या. मी थांबून थांबून मागे जाऊन पाहायचो. बा तसाच पाठ टेकून. “शे,” एवढंच म्हणायचा. आहे. विसरवाडी दिसली तेव्हा पिंजाऱ्याने माझ्या पाठीत गुद्दा घातला आणि आम्ही दोघंही वेड्यासारखे हसलो. सगळं पोचलं होतं! राघूची चोचसुद्धा शाबूत होती!

ट्रक घरासमोर लावली. पिंजारी खाली उतरला, दोन पावलं चालला आणि जागीच थिजला. मग मागे वळून हळू आवाजात म्हणाला, “भाऊ, नवा घरना दरवाजा कोनी मोजा व्हता?”

कुणीच मोजला नव्हता. पक्कं विटांचं घर, भिंतींवर कौलांचा सगळा भार, आणि जुन्या घरापेक्षाही अरुंद दार. सकाळभर आम्ही कोठी बाहेर कशी काढायची याचाच विचार केला होता. ती आत कशी जाणार हे मला, माझ्या पाटीला आणि माझ्या दोन कमळांना सुचलंच नव्हतं. हायवेवरच्या गावात माणसं जमायला वेळ लागत नाही. ट्रकवाले आले, बसची वाट पाहणारे आले. कुणी म्हणे कौलं काढा, कुणी म्हणे अंगणातच ठेवा. अंगणातली कोठी पहिल्या पावसात चिखल होणार हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, आलं.

काकी बराच वेळ कोठीपाशी उभी होती. तिने दोन्ही राघूंवरून हात फिरवला. मग पदर खोचला आणि व्यापाऱ्याला म्हणाली, “घमेलं ली या. अन् पानी.”

आणि मुसळाने तिने स्वतः कोठी फोडली.

पहिला घाव बसला तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती भराभर ढेकळं घमेल्यात भरत होती, त्यावर पाणी ओतत होती. माझा चेहरा पाहून म्हणाली, “माती सासूनी शे ना, भाऊ? ती ते तुमीच लई उनात. भिजाडी की परत उभी ऱ्हास.” तिने ओल्या मातीचा पहिला थर नव्या घराच्या कोपऱ्यात लावला तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत भरले होते आणि ती गुणगुणत होती. पिंजाऱ्याने कापूस पिंजायला घेतला, उशीसाठी.

परतताना बा माझ्या शेजारी बसला. खांडबारा आलं. मग समोर पाहतच म्हणाला, “कोठी फुटनी.”

काकीने फोडली, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण दार मोजायचं काम काकीचं नव्हतं, व्यापाऱ्याचं नव्हतं, रस्त्याचंही नव्हतं.

“व्हय, बा,” मी म्हणालो. “मन्ही चूक.”

घरी आल्यावर मी ट्रक पुसली, पुढच्या काचेपासून मागच्या फळीपर्यंत, परक्याला द्यायची वस्तू पुसतात तशी. पिंजारी दोन दिवस आमच्याकडे फिरकला नाही. आईने माझ्या नांगराचा फाळ लोहाराकडून धार लावून आणवला तेव्हा मी मागच्या दाराने निघून गेलो.

आखाजीच्या सकाळी अंगणात सालदार बसले होते. आंब्यावर झोके बांधलेले, माहेरी आलेल्या बहिणींची गाणी चालू. दर वर्षी दोन गडी लागायचे. बाने दोघांच्या हातात कामावर घेतल्याचा नारळ ठेवला. मग तिसरा नारळ उचलला. एक तरणा गडी पुढे आला, मी त्याला ओळखत नव्हतो. बा उठला, गोठ्यात गेला आणि माझी पराणी घेऊन आला, बैल हाकायची, माझ्या मुठीने गुळगुळीत झालेली. ती त्या गड्याच्या हातात दिली.

“हाऊ धाकलाना जागावर,” तो सगळ्यांना म्हणाला. “धाकला आते गाडीवर ऱ्हाई.”

बा माझ्याजवळ आला. “आरसा फुटना तवय बैलले दोष दिना व्हता तू,” तो हळूच म्हणाला. “आवंदा कोनलेच नही दिना.”

मग त्याने बंडीच्या खिशातून दोरीचं वेटोळं काढलं. माझ्या बैलांचा कासरा होता तो, कापलेला, आणि त्याला हात-हातावर पक्क्या गाठी मारलेल्या.

“दोन्ही घरना दरवाजा मोजत जाय,” बा म्हणाला.