पदरावरचं पीठ

ते प्रकरण विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. नोकरीतल्या बाकीच्या गोष्टी हळूहळू पुसल्या जात आहेत. कोणत्या साहेबांनंतर कोणते साहेब आले, हेही आता नीट सांगता येत नाही. पण ज्वारीचं पीठ चाळायला बसले, की ते घर, तो डबा आणि कोर्टातला तो पडदा समोर येतो.

मी पोलीस नव्हते. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्यात सफाईच्या कामाला होते. झाडणं, पाणी भरणं, चहाचे कप विसळणं, आणि एखाद्या बाईला चौकशीसाठी आणलं तर तिच्याजवळ बसणं. महिला शिपाई आल्या तरी हे शेवटचं काम माझ्याकडेच राहिलं, कारण मी फारसं बोलत नाही. न बोलणाऱ्या बाईजवळ दुसरी बाई आपोआप बोलायला लागते, हे मी ठाण्यातच शिकले.

सोयाबीन सोंगणीचे, म्हणजे कापणीचे दिवस होते. गणपतीचा बंदोबस्त नुकताच उतरला होता. हद्दीतल्या एका गावात भर दुपारी एका बाईवर हल्ला झाला. ती शाळेत खिचडी शिजवायची. काम आटोपून घरी आली आणि पाणी प्यायला वाकली, तेव्हा मागून कोणीतरी तिच्याच अंगणातलं मुसळ डोक्यात घातलं आणि गळ्यातली सोन्याच्या मण्यांची पोत ओढून नेली. सगळी गल्ली शेतात होती. आरडाओरडा ऐकायलाही कोणी नव्हतं. ती वाचली, पण डावा डोळा गेला. मारणाऱ्याचं तोंड तिला दिसलंच नव्हतं.

फौजदार साहेब नवीन होते आणि मन लावून काम करणारे होते. जिल्ह्याहून कुत्रं आलं, ते विहिरीपर्यंत गेलं आणि तिथेच बसलं. मोबाईलच्या टॉवरची माहिती मागवली. त्या गावाला टॉवर एकच, त्यामुळे मारणाऱ्याचा, मार खाणारीचा आणि शेतातल्या सगळ्यांचा ठिकाणा एकच निघाला. ग्रामपंचायतीच्या चौकात मात्र कॅमेरा होता. त्या दुपारी त्याच्यासमोरून तीन माणसं गल्लीकडे गेली होती. दोघांचा हिशोब लागला. तिसरा त्याच गल्लीतला, तिच्यापासून तिसऱ्या घरातला, पंचविशीच्या पुढचा, कामाधंद्याचा कंटाळा असलेला माणूस होता. साहेबांनी त्याला आणला.

"मी घरीच झोपेल होतो," एवढंच तो म्हणायचा. साहेबांनी फिरवून फिरवून विचारलं, मधेच चहा देऊन विचारलं. ठाण्यातल्या प्रत्येक खोलीत आता कॅमेरे लागलेले, त्यामुळे आवाज चढवायचा तोही बेतानेच. तो भिंतीकडे बघत बसायचा. पोत त्याच्या घरी असेल असं साहेबांना वाटत नव्हतं. शहाणा चोर माल घरात ठेवत नाही, असं ते म्हणाले.

त्याची आई डबा घेऊन यायची. म्हातारी, बारीक, पायात चप्पल नाही. डबा उघडून तपासायचं काम माझं. पहिल्या दिवशी भाकर आली ती काळपट पिठाची. दुसऱ्या दिवशी पांढरीशुभ्र, बारीक दळलेली. तिसऱ्या दिवशी चक्क गव्हाच्या पोळ्या. एका घरात दळण एकदा आलं की आठ-पंधरा दिवस तेच पीठ चालतं. मी स्वतः भाकरी थापणारी बाई. ही तीन घरांची पिठं आहेत, हे मला हाताला लागताच कळलं.

"पीठ सरलं का वं माय?" मी सहज विचारलं.

"नाही वं. डबा भरेल हाये."

"मंग उसनं काऊन आणता?"

 तिने डब्याच्या फडक्याची उगाचच चार वेळा घडी घातली. मग म्हणाली, "त्या डब्यात मी हात नाही घालत आता." आणि उठून गेली. पोरगा जेवला का, हेही तिने त्या दिवशी विचारलं नाही.

हे कोणाला सांगावं, याचा मी चहाची सगळी भांडी धुऊन होईपर्यंत विचार केला. साहेबांसमोर उभं राहायची माझी हिंमत नव्हती. शेवटी हवालदारांना सांगितलं. ते आमच्याच भागातले, मला मावशी म्हणायचे. ते मोठ्याने हसले. "कुत्रं विहिरीवर बसलं, टावरनं हात टेकले, आता तुह्या भाकरीवरच भरोसा हाय मावशी!" पण हसता हसता उठले आणि आत गेले.

"साहेब, मावशी म्हणते, पिठाचा डबा पाहा."

"का? आज भाकरीचा बेत आहे का?" साहेब म्हणाले. मग मला बोलावलं. मी दाराच्या चौकटीला धरूनच सगळं सांगितलं. साहेबांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी टोपी घेतली.

गावातली कोणी बाई पंच व्हायला तयार होईना. रोज समोरासमोर राहायचं, कोण वैर घेईल? म्हणून एक पंच गावचा कोतवाल आणि दुसरी मी. महिला शिपाई झडती घेणार होती. नव्या कायद्याप्रमाणे झडतीचं सगळं चित्रीकरण मोबाईलवर करावं लागतं आणि ते सरकारी ॲपमध्ये चढवावं लागतं. मोबाईल हवालदारांच्या हातात होता.

डबा पत्र्याचा, मांडीएवढा उंच, कोपऱ्यात. तो नीट उभा राहीना, म्हणून मी कमरेला टेकवून तिरपा धरला. महिला शिपाईने कोपरापर्यंत हात घातला. पीठ जमिनीवर सांडलं, माझ्या अंगावर सांडलं. आणि तळाशी प्लास्टिकची पुडी हाताला लागली. सोडली तर आत पोत. मण्यांच्या मधे एक काळा मणी तुटलेला, त्या बाईने तक्रारीत सांगितला होता तसाच. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला काय वाटलं ते कसं लिहू? माझ्या एका शब्दावरून सरकारची गाडी इथपर्यंत आली होती.

मग हवालदार म्हणाले, "साहेब, हे तं काही निघालंच नाही."

मोबाईलची मेमरी भरलेली होती. गणपतीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ त्यात तसेच पडले होते. चित्रीकरण चालू असल्याचा लाल ठिपका लागलाच नव्हता.

साहेबांनी कपाळ चोळलं. "चित्रीकरण नाही म्हणजे कोर्टात पहिला प्रश्न तोच. मिरवणूक डिलीट करा. पुडी परत ठेवा, परत काढू. दोन मिनिटांचं काम आहे."

आरोपीची आई उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "काढलं ना आता? मंग घेऊन जा ना बापा. परत काऊन घालता?"

"आजी, मोबाईलले दाखवा लागते," हवालदार म्हणाले.

त्या घरात त्या वेळी खरा प्रश्न फक्त तिने विचारला. आणि तेव्हा मोबाईल बंद होता.

ते व्हिडिओ पुसत होते तेवढ्या वेळात मी काय केलं? जे जन्मभर केलं तेच. कोणी सांगितलं नव्हतं. सांडलेलं दिसलं की माझा हात थांबत नाही. कोपऱ्यातला झाडू घेतला, पीठ गोळा केलं, डबा फडक्याने पुसला, झाकण घट्ट बसवलं. महिला शिपाईने मोरीवर हात धुतले. जागा अशी लख्ख झाली, की तिथे कोणी बोटही लावलं नसेल असं वाटावं.

दुसऱ्यांदा सगळं छान झालं. साहेबांनी कॅमेऱ्यासमोर वेळ सांगितली, पंचांची ओळख सांगितली. डबा उघडला, हात गेला, पुडी निघाली. "पंचांनी पाहिलं?" कोतवाल हो म्हणाला. मीही हो म्हणाले. पंचनाम्यात लिहिलं की झडतीत पुडी मिळून आली. एकदाच मिळाली, असाच त्याचा अर्थ. मी खाली सही केली. पुढे जिल्ह्याच्या बैठकीत हा व्हिडिओ नमुना म्हणून दाखवला, असं हवालदारांनी येऊन सांगितलं. "मावशी, तू तं पडद्यावर गेली!"

वर्षभरात केस उभी राहिली. आरोपी आतच होता, त्यामुळे तारखा लवकर पडल्या. पुरावा म्हणजे ही पोतच. ती त्याच्या घरातून निघाली हे टिकलं तर त्याला शिक्षा होणार, नाहीतर तो सुटणार, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. डोळा गेलेली बाई मागच्या बाकावर नवऱ्याजवळ बसली होती. चष्म्याच्या एका बाजूला तिने पांढरी पट्टी लावली होती.

माझ्या साक्षीच्या वेळी आरोपीच्या वकिलाने व्हिडिओ लावायला सांगितला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मी दिसले. स्वतःला एवढं मोठं मी कधी पाहिलं नव्हतं, मान खाली गेली.

"थांबवा," वकील म्हणाले. "बाई, वर बघा. ह्या तुम्हीच ना?"

"हो."

"डबा उघडलाय की बंद आहे?"

"बंद."

"जमिनीवर काही सांडलंय?"

"नाही."

"मग तुमच्या पदरावर हे पांढरं काय आहे?"

मी पाहिलं. गडद हिरवी साडी. खांद्यापासून कमरेपर्यंत पीठच पीठ. फरशी झाडली, डबा पुसला, आणि स्वतःकडे पाहायचं राहिलं. माझ्याकडे दुसऱ्या कोणाचंही लक्ष गेलं नव्हतं. माझ्याकडे कोणाचं जात नाही.

सरकारी वकील उठून म्हणाले, साक्षीदार बाईमाणूस आहे, घरचं काम करून आली असेल. दाराशी हवालदार उभे होते. ते मला दोन्ही तळहातांनी भाकर थापून दाखवत होते. मला समजलं. घरून भाकरी करून आले, एवढंच म्हणायचं होतं.

मी मागच्या बाकाकडे पाहिलं. पोत तिची होती, त्याच डब्यात होती, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. खरं आपल्याच बाजूने आहे, मग खोटं कशाला, असं मला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांत मोठ्याने बोलले.

"आधी एकदा पुडी काढली होती. मग परत डब्यात घातली."

"कोणी घातली?"

"पोलिसांनी."

"धन्यवाद," वकील म्हणाले आणि बसले.

मी म्हणत होते की पुडी आधीपासूनच तिथे होती. सरकारी वकिलांनी तेही विचारलं, मी सांगितलं, कोर्टाने लिहूनही घेतलं. पण पंचनाम्यात पहिल्या वेळेचं अक्षर नव्हतं. खाली माझीच सही. शिवाय ठाण्यात झाडू मारणारी बाई पंच. निकालात आलं की पहिल्या वेळी काय घडलं याचा पुरावा नाही, आणि जे दिसतं त्यात पोलिसांनीच वस्तू ठेवल्याचं साक्षीदार सांगते. संशयाचा फायदा देऊन आरोपीला सोडलं.

 साहेबांनी त्या दिवसापासून माझ्या हातचा चहा घेतला नाही. हवालदार मात्र बोलले, "येवढी एक भाकर नाही थापता आली तुले?"

आरोपीने पोत आपली नाही असंच शेवटपर्यंत सांगितलं होतं, त्यामुळे ती त्या बाईला परत मिळाली. मुद्देमाल घ्यायला ती ठाण्यात आली तेव्हा मीच तिला पाणी दिलं. तिने पुडी हातात घेतली, उघडली नाही. माझ्याकडे एका डोळ्याने बघत म्हणाली, "पोतही वापस देली, अन् तोही वापस देला. रोज सकाळी माह्या दारावरूनच पाण्याले जाते तो. मुसळ मी उचलून आत ठेवलं आता." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मी या प्रकरणातून काय शिकले? यंत्रांना मी दोष देत नाही. चौकातल्या कॅमेऱ्याने त्याला दाखवला होता, तो कॅमेरा खोटं बोलला नाही. आमचा व्हिडिओही खोटं बोलला नाही, त्याने माझा पदर जसा होता तसा दाखवला. खोटं आम्ही केलं, तेही खऱ्या गोष्टीचं. मोबाईल भरला होता, पहिल्या वेळी चित्रीकरण झालं नाही, एवढं एक वाक्य पंचनाम्यात लिहिलं असतं आणि सांडलेलं पीठ तसंच दाखवलं असतं, तर काय झालं असतं? साहेबांना वरून एक नोटीस आली असती. त्या नोटिशीला आम्ही घाबरलो. तिचा डोळा आणि आमची नोटीस एका तागडीत घातली, आणि मला तेव्हा ते कळलंही नाही. मी झाडत होते.

निवृत्तीच्या आधी दोन महिने पुन्हा एका झडतीला नेलं. तोपर्यंत साहेब बदलले होते, हवालदारही दुसरे होते. शेतातल्या मोटारीची चोरलेली तार एका गोठ्यात, कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या ढिगाखाली सापडली. आणि मोबाईल अडकला. नवे साहेब म्हणाले, "मावशी, कुटार सारखं करून ठेवा, परत घेऊ."

मी झाडूला हात लावला नाही. "सांडेल राहू द्या साहेब. मोबाईल अडकला, असं लिहा," मी म्हणाले. 

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही गाडीत जाऊन बसा."

शेजारच्या घरातून एका बाईला पंच म्हणून बोलावलं. ती बिचारी घाबरत आली. कोणी सांगायच्या आतच तिने वाकून दोन्ही हातांनी कुटार ढिगावर ओढून घेतलं, आजूबाजूचं झाडून काढलं. हवालदारांनी तिला उभं राहायची जागा दाखवली आणि मोबाईल वर धरला. लाल ठिपका लागला. साहेब वेळ सांगायला लागले.

तिच्या पदराला चिकटलेलं कुटार मला गाडीतून दिसत होतं. झडतीला अजून सुरुवात व्हायची होती.